झोळी झालेली बैठक
वेताच्या खुर्च्यांवरच्या लेखातलं 'वेत सैल पडला की खुर्ची बाद' हे वाक्य खटकलं. आमच्या सागवानी खुर्चीची वेताची बैठक पार झोळीसारखी लोंबायला लागली होती. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवलं, मग रात्रभर सावलीत वाळू दिली. सकाळी बोटाने टिचकी मारली तर चक्क ताठ! पाणी खालूनच द्यायचं, कारण वरची चकचकीत साल ते आत शिरू देत नाही.

आणि लेखात फोटो दिलाय तो स्विस वास्तुविशारद पिएर जानरेंच्या, १९५०च्या दशकात चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या खुर्चीचा. तिच्यात वेत चौकटीच्या भोकांतून ओवून विणलेला असतो. पट्ट्या तुटल्या (वर उभं राहून पंखा पुसणाऱ्यांची कृपा!) तरी कारागीर नुसती बैठक नव्याने विणून देतो, लाकूड तसंच राहतं.