गारठ्याने गेला की उबेने?

"थंडीने अवयव निकामी होतात, यात वाद कसला?" सुहासने टाकलेलं हे वाक्य मंजिरीने झेललं. ती प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते, त्यामुळे आम्ही बाकीचे गप्प.

"थंडीत नाही रे, परत तापवताना."

"म्हणजे वाचवलं म्हणून मेला?"

"जवळपास तसंच. शरीर गार झालं की ऑक्सिजनची गरज घटते. म्हणून तर काही शस्त्रक्रियांत माणसाला 18-20 अंशांवर आणून रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवतात. पण पेशीतले सोडियम बाहेर काढणारे पंपही मंदावतात. सोडियम आत साठतं, मागोमाग पाणी, पेशी फुगते, कॅल्शियम वाढतं. मग ऊब आली, रक्त धावलं, की मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात. मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं, सगळ्यांना झळ."

"मग हळू तापवा!"

"कातडी आधी तापली तर रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि हातापायांतलं गार रक्त हृदयाकडे येतं. हृदय आधी चालू व्हायला हवं."

इथे मला राहवलं नाही. 1950च्या दशकात लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधन संस्थेत ऑड्रे स्मिथ आणि जेम्स लव्हलॉक हे शास्त्रज्ञ (हो, पृथ्वी जणू एकच सजीव आहे म्हणणाऱ्या 'गाया' संकल्पनेवाला तोच) गोठवलेले हॅमस्टर परत जिवंत करत. सुरुवातीला गरम चमचा छातीला लावायचे. कातडी भाजायची, म्हणून लव्हलॉकने सूक्ष्मलहरींचं (मायक्रोवेव्हचं) यंत्र जुळवलं.

"पण हॅमस्टर शीतनिद्रा घेणारा प्राणी," सुहास लगेच म्हणाला. "आर्क्टिकमधली जमिनीवरची खार तर शून्याखाली 2.9 अंशांपर्यंत जाते आणि काही तासांत स्वतःच तापते. ऊबच घातक असती, तर ती दर हिवाळ्यात कितीदा मेली असती?"

मंजिरी थांबली. "तिच्या पेशी वेगळ्या."

"म्हणजे दोष पेशीचा, उबेचा नाही!"

वकिली थाट, पण मुद्दा बिनतोड होता. आणि गंमत म्हणजे त्याला पुरावा मंजिरीनेच दिला. उंदराच्या यकृताच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत घालून 4 अंशांवर ठेवल्या, तर त्यातल्या बऱ्याच थंडीतच मरतात. तापवायची वेळच येत नाही. लोह बांधून ठेवणारं औषध घातलं तर मात्र वाचतात.

"बघ, थंडीतच!"

"लोहाने, सुहास. थंडीत, पण लोहाने."