"त्यात काय, खाली चार चाकं लाव ना" म्हणणाऱ्यांसाठी

ज्याला ज्याला असं वाटतं ना की फिश टँकच्या स्टँडला चाकं लावली की झालं काम, त्यानं एकदा माझ्या घरी यावं आणि ढकलून दाखवावं. चार फूट बाय दीड बाय दीडचा टँक आहे, म्हणजे नऊ घनफूट, काठोकाठ भरला तर अडीचशे लिटर पाणी, आणि एक लिटर म्हणजे एक किलो हे शाळेतल्या पोरालापण कळतं. त्यावर १० एमएम काचेचे पन्नासेक किलो, मग वाळू, दगड, लोखंडी स्टँड, प्लाय, साडेतीनशेच्या वर जातं सगळं. टीव्हीची ट्रॉली आहे का ही??

आणि हलवायचा कशाला म्हणून विचारू नका. मागच्या भिंतीला ओल आलीये, पोपडे सुटून टँकमागे पडतायत, पेंटर येतो, बघतो, "हे सरकवा मग फोन करा" म्हणतो आणि जातो. सरकवा म्हणे!

हार्डवेअरवाल्याचं गणित तर ऐका. "एक चाक शंभर किलोचं, चार लावा, चारशे झाले की." अरे बाबा, आपल्याकडची फरशी कधी सपाट असते का, एक पाय जरा अधांतरी राहिला की सगळा भार तीन चाकांवर येतो, म्हणून हिशोब तीनाचाच धरायचा असतो, हे ज्यानं आयुष्यभर चाकं विकली त्याला मी सांगायचं? वर हातात ठेवतो ती दोन इंची नायलॉनची चाकं. ती टाइल्सच्या सांध्यात अडकणार, मग जोर लावायचा, मग हिसका बसणार, आतलं पाणी हेलकावणार आणि तो सगळा दणका काचेच्या सिलिकॉनच्या जोडावर. बरं नायलॉन कडक, टेकतं जेमतेम नखाएवढं, आणि त्या नखाएवढ्या जागेवर शंभरेक किलो. मिस्त्रीनं टाइलखाली माल नीट भरला नसेल (आणि तो नसतोच, वाजवून बघा, पोकळ वाजते) तर टाइलला तडा गेलाच म्हणून समजा.

फॅब्रिकेटर त्याच्या वरताण. मी म्हटलं पायाखाली जाड पट्टी वेल्ड करा, त्यावर चार इंची पीयूची (पॉलियुरेथेनची, रबरासारखी जरा मऊ) चाकं बोल्टनं बसवा, आणि बाजूला स्क्रूवाले पाय द्या, म्हणजे टँक जागेवर आला की पाय खाली फिरवून चाकं अधांतरी करता येतील आणि लेव्हल धरता येईल. कारण स्टँड जराही पिळला तर तो पीळ काच सहन करत नाही, चिरते. त्याचं उत्तर काय, तर "एवढं काय करायचंय साहेब, पाइपात नट मारतो, चाक फिरवून बसवतो, काही होत नाही." पातळ स्क्वेअर पाइपात! साडेतीनशे किलोखाली! आणि चाकांमुळे स्टँड पाच इंच वर जाणार, दीड फूट रुंदीच्या स्टँडवर सगळं वजन अजून वर चढणार, घरात लटकायला पोरं आहेत, त्याचं काय? तर हसला फक्त.

मग शहाणे नातेवाईक. "पाणी काढून हलव की." काढतो! आधी मासे ड्रममध्ये, जुनं पाणी दुसऱ्या ड्रममध्ये कारण नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन, फिल्टर बंद ठेवता येत नाही कारण हवा मिळाली नाही की त्यातले पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया मरतात, तो तिसऱ्या बादलीत चालू ठेवायचा. वन बीएचकेमध्ये हे सगळं कुठे मांडू, देव्हाऱ्यासमोर? आणि इतकं करून खाली वाळू तशीच, चौघं चार कोपरे धरणार, "एक दोन तीन" म्हणायच्या आत मेव्हणा उचलणार.

आणि खरा राग कुणाचा येतो माहितीये? स्टँड विकणाऱ्यांचा. सनमायका कुठला हवा, आत लाइट हवी का, दरवाजाला मॅग्नेट की कडी, हे सगळं विचारतात. मागे हात जाईल एवढी तरी जागा सोडा, एकदा भरला की हलणार नाही, हे एक वाक्य तोंडातून निघत नाही. बिल फाडतात, आणि डिलिव्हरीवाला स्टँड भिंतीला चिकटवून, प्लग पॉइंट बरोबर पायामागे दाबून, टिप मागून निघून जातो.