कॅव्हर्नच्या विटा जुन्या, खोली नवी

विटांची कमान, तिच्याखाली छोटा रंगमंच, मागच्या भिंतीवर रंगवलेली बँडची नावं. हा फोटो सध्या सगळीकडे फिरतोय आणि सोबत हा मजकूर: "लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब. खास रॉकसाठी काढलेला हा बिअर बार १९५७ पासून अखंड सुरू आहे. याच रंगमंचावर बीटल्स २९२ वेळा वाजले." इंग्लंडला फिरायला गेलेली आपली मंडळीही तोच मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतात, म्हणून हा खुलासा.

"खास रॉकसाठी काढलेला." ॲलन सिट्नरने १६ जानेवारी १९५७ ला क्लब उघडला तो जाझसाठी, आणि पॅरिसच्या एका तळघरातला जाझ क्लब डोळ्यांसमोर ठेवून. स्किफल (गिटार आणि घरगुती वाद्यांवर वाजणारं साधं लोकसंगीत) चालायचं, रॉक अँड रोल मात्र वर्ज्य. त्याच वर्षी ७ ऑगस्टला जॉन लेननचा बीटल्सआधीचा गट, क्वारीमेन, तिथे वाजला, तोही स्किफल गट म्हणूनच. १९५९ मध्ये क्लब रे मॅकफॉलकडे गेला, आणि पहिली बीट संगीताची (रॉक अँड रोलवरून आलेल्या नव्या संगीताची) रात्र झाली २५ मे १९६० ला. बीटल्स या नावाने गट आला ९ फेब्रुवारी १९६१ ला, भर दुपारी. ड्रमवर नंतर आलेला रिंगो स्टार नव्हे, पीट बेस्ट.

"बिअर बार." बीटल्सच्या काळात तिथे दारूचा परवानाच नव्हता. चहा, कोक, सूप, पाव, बस्स. आसपासच्या कचेऱ्यांतल्या टायपिस्ट मुली आणि कारकून जेवणाच्या सुट्टीत पायऱ्या उतरून यायचे, ऐकायचे आणि परत कामावर जायचे. पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झालेल्या ब्रायन एपस्टाइनने ९ नोव्हेंबर १९६१ ला त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही अशाच दुपारी. हा तपशील पुसला की कॅव्हर्नचा श्रोता कोण होता हेच पुसलं जातं.

"अखंड सुरू." फेब्रुवारी १९६६ मध्ये कर्जापायी कुलूप लागलं, जुलैमध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या हस्ते पुन्हा उघडला. मे १९७३ मध्ये कायमचा बंद: भुयारी रेल्वेत हवा खेळती ठेवणाऱ्या उभ्या भुयारासाठी जागा घेतली, इमारत पाडली, तळघर राडारोड्याने भरलं. ते भुयार कधी बांधलंच नाही. तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. लिव्हरपूलकरांचा राग अजून का गेला नाही, हे त्यावरून कळावं.

"याच रंगमंचावर." हे सर्वांत चुकीचं. मूळ जागा म्हणजे गोदामाखालचं तळघर. युद्धात तिथे हवाई हल्ल्यापासून आसरा घेत. विटांचे तीन समांतर बोगदे, मधल्याच्या टोकाला रंगमंच. बाजूच्या बोगद्यांतल्यांना मधल्या कमानींतून जेवढं दिसेल तेवढंच. हवा खेळती नव्हती. शेकडो माणसांची गरम, दमट हवा थंड विटांना लागायची आणि भिंतींवरून पाणी ओघळायचं. छतावरचे थेंब ॲम्प्लिफायरवर पडले की फ्यूज उडायचा. ती खोली आज नाही.

१९८० च्या दशकात उकरून तीच खोली मोकळी करण्याचा विचार झाला, पण पाडकामात कमानी इतक्या खिळखिळ्या झाल्या होत्या की ते शक्य नव्हतं. मग वास्तुविशारद डेव्हिड बॅकहाउस यांनी मूळच्या सुमारे १५,००० विटा वापरून नवा क्लब बांधला. एप्रिल १९८४ मध्ये तो उघडला. मूळ जागेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यात येतो, मात्र प्रवेशद्वार सरकलं आहे. २९२ हा क्लब सांगतो तो आकडा, आणि ते सगळे कार्यक्रम ३ ऑगस्ट १९६३ पर्यंतचे, म्हणजे पाडलेल्या खोलीतले.

पण म्हणून आजच्या क्लबला नकली म्हणणंही चूक. पत्ता तोच, १० मॅथ्यू स्ट्रीट. डिसेंबर १९९९ मध्ये बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी याच नव्या क्लबमध्ये वाजवून गेला, फक्त कमानीखाली नाही, मागच्या मोठ्या दालनात. कमानीच्या फोटोखाली लिहायचंच असेल तर "जुन्या जागेवर, काही जुन्या विटांनी १९८४ मध्ये बांधलेला कॅव्हर्न" असं लिहा.