बोल्ट बसले म्हणजे कार्ब्युरेटर बसला का?

जुन्या जीपमध्ये अ‍ॅम्बेसेडरचं १८०० सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन बसवायला घेतलं की घोडं हमखास अडतं ते कार्ब्युरेटरपाशी, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या भागापाशी. नाशकात द्वारकेपासून सातपूरपर्यंत स्पेअर पार्ट्सच्या कुठल्याही काउंटरवर जा, उत्तर ठरलेलं: "घेऊन जा शेठ, बोल्ट बसतात ना? मग चालून जातं."

अहो, काय चालून जातं? परवा हातात दिलेला कॉपी पीस अगदी नवाकोरा. फ्लँजवर, म्हणजे बोल्ट बसतात त्या सपाट कडेवर, स्टीलची पट्टी उभी धरली, तर खालून उजेड दिसतोय! थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, शाफ्ट बोटाने हलवला, तर खुळखुळतोय. तिथूनच फुकटची हवा आत शिरते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग खालीवर होतं आणि कसारा घाट चढताना इंजिन तापतं. मग मिस्त्री स्क्रू पिळत बसणार. गळती स्क्रूने बंद होते का कधी?

जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याचं, तर विचारूच नका. वेबर कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटवर १३० म्हणजे १.३० मिलिमीटरचं भोक, सरळ हिशेब. या कॉप्यांच्या जेटवर बऱ्याचदा नंबरच नसतो.

बजेट कमी असतं, कबूल. मग जुनाच ओरिजिनल घ्यायला सांगा ना! खुळखुळ घालवायला शाफ्टला बुश मारायचं, नीडल-गॅस्केटचं किट टाकायचं, कार्ब्युरेटर ज्यावर बसतो त्या मॅनिफोल्डचा फ्लँज सपाट करायला सरफेस ग्राइंडिंगला द्यायचा. इथेच नाशकात अंबडला अशी कामं करणारे आहेतच की. पण हे काउंटरवरचा एकजण सांगेल तर शपथ! वर पावती मागितली की, "इलेक्ट्रिकल आणि कार्ब्युरेटर परत घेत नाही."