दादाचं कुलूप

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या सपोर्टची मुदत संपली आणि आमच्या घरातला धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत म्हातारा ठरला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, ती त्याच्याकडे नाही. भाची म्हणाली, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. पेनड्राइव्ह लावायचा, मशीन चालू करताना एफ१२ दाबायचं, संपलं."

एफ१२ दाबलं. काळ्या पडद्यावर एक चौकट उमटली: पासवर्ड.

हा विंडोजचा पासवर्ड नव्हे. विंडोज बिनतक्रार उघडत होतं, लाइटबिल भरलं जात होतं. हा त्याच्याही खालचा, मशीन जागं होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या फर्मवेअरचा, ज्याला आपण सवयीनं बायोस म्हणतो त्याचा. लावणारा इसम म्हणजे लॅपटॉपचा मूळ मालक, माझा आतेभाऊ दादा. बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाला, तरी अजून भाजीवाल्याकडे पावती मागतो.

फोन केला.

"दादा, लॅपटॉपचा बायोस पासवर्ड काय रे?"

"असलं फोनवर सांगायचं नसतं."

"अरे, मी बोलतोय!"

"कशावरून? माझ्या आईचं माहेरचं आडनाव सांग."

त्याची आई माझी सख्खी आत्या. म्हणजे या गुप्त प्रश्नाचं उत्तर आमच्या दारावरच्या पाटीवर पितळी अक्षरांत लिहिलेलं आहे. तरी सांगितलं.

"बरोबर," दादा म्हणाला. "पण नाहीच सांगणार. मी स्वतः येतो."

तो सांगलीहून येईपर्यंत सोसायटीभर सल्ल्यांचा सुकाळ. सगळ्यांचा उपाय एकच: आतला सेल काढा, थोड्या वेळानं लावा. उपाय खोटा नाही, शिळा आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये सेटिंग्ज सेलवर जगणाऱ्या सीमॉस मेमरीत आल्या. सेल काढला की सगळं पुसलं जायचं. पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मात्र हा पासवर्ड अशा चिपमध्ये ठेवतात, जी वीज असो-नसो, काही म्हणता काही विसरत नाही. (ही स्मरणशक्ती मशीनऐवजी माणसाला द्यायला हवी होती.) सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मूळ बिल मागितलं आणि मदरबोर्ड बदलायचा खर्च सांगितला. तेवढ्यात दुसरा जुना लॅपटॉप आला असता. पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुरुस्तीवाला पोरगा जास्त प्रामाणिक निघाला: "काका, चिपला हात लावतो, पण बोर्ड उडाला तर माझ्याकडे बघायचं नाही."

दादा आला. चहासुद्धा न घेता त्यानं आम्हाला खोलीबाहेर काढलं. आतून कळांचा आवाज. मग शांतता. पुन्हा कळा, या वेळी जरा जोरात. तिसऱ्यांदा मात्र एकेक कळ जपून. दार उघडलं तेव्हा पडद्यावर 'सिस्टिम डिसेबल्ड' आणि खाली एक लांबलचक आकडा.

"बघितलंस?" दादाचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "मलासुद्धा आत घेत नाही. याला म्हणतात सिक्युरिटी!"

मशीन बंद करून चालू केलं, तर विंडोज काही घडलंच नाही अशा थाटात उघडलं.

भाचीनं एव्हाना स्क्रूड्रायव्हर आणला होता. मागचं झाकण उघडून तिनं डिस्क बाहेर काढली, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपात घातली, तिथे लिनक्स चढवलं आणि डिस्क परत जागेवर बसवली. बटण दाबलं. चौकट नाही, पासवर्ड नाही, थेट लिनक्स! कारण त्या कुलपाचा पहारा मशीनवर. डिस्कवरचा मजकूर काही त्यानं सांकेतिक होत नाही. दादानं इतकी वर्षं डब्याला कुलूप घातलं होतं आणि धान्य ओसरीवर पसरलेलं होतं.

"म्हणजे चोरालाही माझ्या एफड्या दिसल्या असत्या?" दादानं खोल आवाजात विचारलं.

"सगळ्या," भाची म्हणाली. "त्यासाठी डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते. पण मग तो पासवर्ड विसरलात, तर मजकूर कायमचा गेला. मदरबोर्ड बदलूनही नाही मिळत."

दादाचे डोळे लकाकले. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"हां, हे आपल्या कामाचं! चला, तुम्ही सगळे जरा बाहेर व्हा बघू."