कोर्टाने ब्रेडीला दोषी ठरवलेलं नाही

सामन्यातल्या चेंडूंची हवा मुद्दाम कमी केल्याच्या प्रकरणात अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली होती. त्यावरच्या तुमच्या लेखातलं ‘हवा काढलेल्या चेंडूंच्या प्रकरणात कोर्टानेच टॉम ब्रेडीला दोषी ठरवलं’ हे वाक्य चुकीचं आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या चाहत्यांची निम्मी भांडणं याच गैरसमजावर चालतात. एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने चार सामन्यांची बंदी पुन्हा लागू केली, पण हवा कोणी काढली याचा निवाडा केलाच नाही. प्रश्न एवढाच होता की लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांना अशी शिक्षा देण्याचा अधिकार होता का. खेळाडू संघटनेनेच लीगबरोबरच्या २०११ च्या करारात तो मान्य केला होता. शिक्षेला मंजुरी देणारे गुडेल आणि अपील ऐकणारेही गुडेल!

मी कामगार युनियनमध्ये बरीच वर्षं काम केलंय. खात्यांतर्गत चौकशीत चौकशी अधिकारी व्यवस्थापनच नेमतं, तेव्हा सभासद किती हतबल होतो ते जवळून पाहिलंय. म्हणून ‘ब्रेडी कोट्यधीश, त्याला काय फरक पडतो’ हा सूर मला अजिबात पटत नाही. लेखकाने ते वाक्य दुरुस्त करावं. शिवाय सप्टेंबर २०१५ मध्ये खालच्या कोर्टाचे न्यायाधीश बर्मन यांनी हीच बंदी रद्द केली होती, कारण अशी शिक्षा होऊ शकते याची पूर्वसूचना ब्रेडीला नव्हती. तेही लेखात यायला हवं.