आधी तिचा धा फुटू द्या

संदीपच्या कादंबरीतली मुक्ता अकरा वर्षांची आहे, गावच्या देवळात मृदंग शिकते आणि जिद्दी आहे. भांडण झालं ते या तिसऱ्या गोष्टीवरून.

कट्ट्यावर चौघे होते: लिहिणारा संदीप, मृदंग शिकवणारे बुवा, शाळेतले मास्तर आणि मुलांच्या पुस्तकांचं संपादन करणाऱ्या रेखाताई. दुसरं प्रकरण वाचून झालं होतं. त्यात मुक्ता दहा-दहा तास रियाज करते, बोटांतून रक्त येतं, तरी थांबत नाही.

"रक्त कोणत्या बोटातून? कोणता बोल वाजवताना?" बुवांनी विचारलं.

संदीप गप्प.

"माहीत नसेल तर काढून टाक ते. अकरा वर्षांच्या पोरीनं दहा तास वाजवलं तर दुसऱ्या दिवशी मनगट उचलायचं नाही, आणि गुरू जाणता असेल तर चार दिवस हात लावू देणार नाही. नवशिक्याला वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुष्कळ झाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक."

मास्तर म्हणाले, "पण बुवा, मुलांना जिद्द दिसायला नको का? वीस मिनिटांत कसली जिद्द?"

"दिसेल की. आधी तिचा धा फुटू द्या."

मग त्यांनी मांडीवरच वाजवून दाखवलं. धा म्हणजे उजव्या हाताचा ता आणि डाव्याचा ग, दोन्ही एकाच क्षणी. नवशिक्याचा डावा हात हमखास मागे राहतो. एक धा ऐकू यायच्या ऐवजी 'ता-ग' असे दोन आवाज येतात. यालाच बुवा धा फुटणं म्हणतात. लय वाढवली की तो आणखी फुटतो, आणि मुलांना तर लयच वाढवायची असते. उपाय एकच, तोही कंटाळवाणा: लय निम्मी करायची, डावा हात एकटा वाजवायचा, मग दोन्ही जोडायचे. "मिनिटाला साठ ठोके धर. साठला शंभर धा सलग न फुटता आले तरच पासष्ट. एक फुटला की पुन्हा एकपासून मोजायचं. ती चौऱ्याण्णववर फुटते आणि पुन्हा एकपासून सुरू करते, हे लिही. तुझ्या रक्तापेक्षा हे जड जाईल वाचणाऱ्याला."

रेखाताईंनी हे लगेच उचललं. नऊ ते बारा वयाच्या वाचकाला 'ती जिद्दी होती' हे वाक्य काहीच सांगत नाही, पण चौऱ्याण्णव हा आकडा बरोबर कळतो. त्यांचा आक्षेप वेगळा होता: मुक्ताला सगळं पटापट जमतं. एकदा ऐकलं की बोल पाठ. "उपजत देणगी असलेल्या मुलीला जिद्द कशाला लागेल? तिचा कान चांगला ठेव, हात सामान्य ठेव. चुकलंय हे तिला कळतं आणि दुरुस्त करता येत नाही. त्या मधल्या जागेत तुझी कादंबरी आहे."

पुढचं प्रकरण कणकेवरून अडलं. संदीपनं लिहिलं होतं की मुक्ता देवळात जाते आणि मृदंग वाजवायला बसते. बुवा म्हणाले, कणकेशिवाय? डाव्या तोंडाला, म्हणजे धूमेला, ओली कणीक लावल्याशिवाय मृदंग मृदंग होतच नाही, नुसता पोकळ टणटण बोलतो. मोठ्या पोळीच्या गोळ्याएवढी कणीक, नुसत्या पाण्यात मळलेली. चामडं मध्यभागी जरासं ओलं करायचं, गोळा दाबून बसवायचा, कडेला पातळ करत न्यायचा. कमी पडली तर धूम उंच बोलते, जास्त झाली तर आवाज बसतो. सैल मळली तर वाजवताना सरकते आणि शिंतोडे उडतात. घट्ट मळली तर चिकटत नाही, अर्ध्या भजनात निखळून पडते. वाजवून झालं की खरवडून काढायची. राहिली तर सुकून चामडं ताठरतं आणि रात्री उंदीर कणकेबरोबर चामडंही कुरतडतात.

"थांबा," रेखाताई म्हणाल्या, "खलनायक मिळाला."

संदीपच्या खर्ड्यात देवळातले म्हातारे मृदंगी 'मुलींनी मृदंग वाजवायचा नसतो' म्हणून खोलीची किल्ली देत नाहीत. रेखाताईंना हे कारण आळशी वाटत होतं. पूर्वी एका मुलानं कणीक न काढता मृदंग ठेवला आणि उंदरांनी धूम फाडली म्हणून म्हातारबाबा कुणालाच किल्ली देत नाहीत, असं केलं तर त्यांचं म्हणणं खरं ठरतं. मग मुक्ताला वाद घालून किल्ली मिळत नाही. महिनाभर त्यांच्यासाठी कणीक मळून, लावून, खरवडून दाखवावी लागते.

मास्तरांना हे पटलं नाही. मुलगी म्हणून होणारा विरोध गावात असतोच, तो गाळणं खोटं, असं त्यांचं म्हणणं. बुवांनी इंदूरच्या पखवाजवादक चित्रांगना आगळे-रेशवाल यांचं नाव घेतलं. पखवाज, म्हणजे हाच मृदंग, बाईच्या हाती असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मास्तर म्हणाले, इंदूरच्या मैफिलीत नसेल, आमच्या पारावर आहे. शेवटी ठरलं की विरोध ठेवायचा, पण तो गावातल्या एखाद्या काकूच्या टोमण्यात. कथानकाचा खांब त्यावर उभा करायचा नाही.

सप्ताहाच्या प्रकरणात बुवांचा आवाजच चढला. कीर्तनाच्या आदल्या रात्री मृदंगाची पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेलं चामडं, फाटते, मुक्ता रातोरात नवी चढवते आणि सकाळी वाजवते, असं संदीपनं रंगवलं होतं.

"नवी पुडी एका रात्रीत बसत नाही रे. ओढून बसवली तरी चामडं ताणत राहतं, सूर उतरत राहतो. चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे ठोकायचे, त्या पट्ट्या म्हणजे वाद्या पुन्हा ओढायच्या, वाजवायचं, परत ठोकायचं. स्थिर व्हायला दिवस जातात. शिवाय वाद्या ओढणं हे अकरा वर्षांच्या हातांचं काम नाही."

"मग अडचण कोणती आणू?"

"पट्टीची आण. खरी अडचण तीच असते." पट्टी म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगितलेला. देवळातला मृदंग समजा काळी दोनला लागतो, आणि आलेले कीर्तनकार काळी चारमध्ये गातात. मधे पाच अर्धस्वरांचं अंतर. एक पुडी स्वरभर वर चढते, फार तर थोडी जास्त. हट्टानं गट्टे ठोकत गेलं तर वादी तुटते किंवा पुडी किनारीला फाटते. म्हणजे इथे जिद्द नडते. हातोडी खाली ठेवून शेजारच्या गावातून उंच पट्टीचा मृदंग आणणं हाच शहाणपणा. त्यात पावसाळी हवा असेल तर चामडं सैल पडून सूर आणखी उतरतो. काकड्याला लावलेला मृदंग संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत तसाच राहील याची खात्री नाही. समोरासमोरची घरं, म्हणजे वाद्यांमधल्या जागा, जुळवत, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरून हलकी ठोक दिली की सूर चढतो, खालून दिली की उतरतो. "एवढं तिला येऊ दे. पोरांना हातोडी आवडते."

शेवटावर मात्र एकमत झालं नाही. मास्तरांना आंतरशालेय स्पर्धा आणि ढाल हवी. मुलांना विजय लागतो, ते ठाम. बुवांचं म्हणणं, भजन-कीर्तनात मृदंगी जिंकत नाही, धरून ठेवतो. टाळकऱ्यांची पावली त्याच्या लयीवर पडते. लय पळाली की गाणाऱ्याचा श्वास तुटतो. मुक्ताचा खरा कस म्हणजे गजर रंगात आल्यावर सगळे पळायला लागतात तेव्हा न पळणं. रेखाताईंनी तोड काढली: स्पर्धा सातव्या प्रकरणात घे, तिथे ती हरू दे, पण कारणानं. एकल वादनाला पेटीवर लहरा असतो, म्हणजे तालाच्या मापात पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून. ती आजवर गाण्याबरोबर वाजवत आली. लहऱ्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधण्याची तिला सवयच नाही. मास्तर पुटपुटले, "ढाल नाही तर नाही, निदान उत्तेजनार्थ तरी द्या."

आता प्रश्न उरला तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा. संदीपला ती पुस्तकात छापायची होती, मास्तरांना नको होती. गणित दिसलं की मुलं पान उलटतात म्हणे. बुवांनी कट्ट्याच्या फरशीवर खडूनं बारा मात्रांच्या चौतालाच्या बारा चौकटी काढल्या, तेरावी म्हणजे पुढची सम. तिटकत, गदिगन, धा, या तीन मात्रा. मग दोन मात्रा गप्प. पुन्हा तीन, पुन्हा दोन गप्प, पुन्हा तीन. शेवटचा धा बरोबर तेराव्यावर. मास्तरांनी टाळी देत करून पाहिलं, दुसऱ्या खेपेची गप्प जागा विसरले आणि समेच्या दोन मात्रा आधी, अकराव्यावर जाऊन पडले. लगेच म्हणाले, "थांबा, परत."

"तेरा चौकटी छापायच्या," रेखाताईंनी संदीपला सांगितलं. "आणि मोठ्या छापायच्या, मुलं त्यावर बोट ठेवून मोजतात. गप्प मात्रांच्या चौकटी रिकाम्या सोडू नकोस, छपाईची चूक वाटते. त्यात एक टिंब दे."